खांद्याचं माप

आमच्याकडं पोरासाठी काहीही घ्यायचं झालं की घरातलं जुनं माणूस एकच गोष्ट सांगतं, "वाढत्या अंगाचं घ्या." सदरा असो, चप्पल असो, शाळेचा गणवेश असो, एक माप मोठंच यायचं. पहिल्या वर्षी बाह्या दुमडायच्या, दुसऱ्या वर्षी अंगाला बरोबर बसायचा, तिसऱ्या वर्षी तोकडा झाला की धाकट्याच्या अंगावर जायचा. यात काही वाईट नाही. ज्या घरात कापड वर्षातून एकदा यायचं त्या घराचं हे शहाणपण आहे. सदरा ढगळ झाला म्हणून कुणाचं नुकसान झालेलं मी पाहिलं नाही.

पण सगळ्याच वस्तू सदऱ्यासारख्या नसतात. काही वस्तू एक माप मोठ्या घेतल्या तर पोर त्यांच्यात वाढत नाही, त्यांच्याखाली वाकतं. कुठली वस्तू कुठल्या जातीची हे ओळखणं थोरांच्या वाट्याचं काम. हे काम किती अवघड आहे ते मला एका बंदुकीपायी नीट समजलं.

प्रश्न आला तो पुण्याच्या मंडईत. आमच्या खोऱ्यातला घेवडा, पावट्याच्या शेंगा, उन्हाळ्यात करवंदं घेऊन मी बरीच वर्षं महात्मा फुले मंडईत जातोय. मधल्या अष्टकोनी दगडी इमारतीत एका गाळेवाल्याकडं माझी ऊठबस आहे. माणूस माझ्याच वयाचा, त्याच्या घरची तिसरी पिढी भाजी विकते. एका सकाळी गिऱ्हाईक पांगल्यावर त्यानं चहा मागवला आणि हळूच विचारलं, "तात्या, तुमच्या घरी बंदूक हाये ना?"

"आहे. ठासणीची. का हो?"

"नातीला घ्यायचीये. चौदा वर्षांची हाये, पण काय नेम धरती! त्या उडत्या थाळ्या फोडायचा खेळ असतो ना, त्यात तिला पुढं जायचंय. एकजण जुनी दुनळी विकतोय. बारा बोर, लांब नळीची, परदेशी. म्हणलं एकदाच घ्यावी, चांगली दणकट. परत परत कोण घेत बसणार? मोठी झाली की बसंल तिला बरोबर."

वाढत्या अंगाची बंदूक! मला आधी हसू आलं. पण तो माणूस चेष्टा करत नव्हता. त्यानं भाजीच्या पैशातून लाखाच्या घरातली रक्कम बाजूला काढली होती, आणि ती कुठं लावावी हे तो माझ्यासारख्या दहावी शिकलेल्या शेतकऱ्याला विचारत होता.

मी त्याला आधी एवढंच सांगितलं, की माझी बंदूक आणि तुझ्या नातीची बंदूक यांचं नाव तेवढं सारखं. आमची बंदूक पीक संरक्षणाची. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शेतकऱ्याला पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळायची सोय आहे, तसा परवाना वडिलांना होता, पुढं माझ्या नावावर झाला. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करायची, निकाल लागल्यावर आणायची. भात पोटरीत आलं की रात्री माळ्यावरून एखादा बार काढायचा, रानडुकरं ओढा ओलांडून पळतात. आमच्या बंदुकीचं काम आवाजाचं. तिथं नेमाला कोण विचारतो?

नातीच्या खेळात सगळा मामला नेमाचाच. थाळी म्हणजे डांबर आणि चुनखडीच्या भुकटीची बशी, ११० मिलिमीटर रुंद आणि शंभर ग्रॅमच्या थोडी वर. ट्रॅप नावाच्या प्रकारात खेळाडूच्या पंधरा मीटर पुढं खंदकात यंत्रं बसवलेली असतात. खेळाडूनं हाक दिली की त्यातल्या एकातून थाळी सुटते, कधी डावीकडं, कधी उजवीकडं, आणि मोटारगाडीच्या वेगाला मागं टाकत लांब जाते. विचार करायला वेळच नसतो. एका फेरीत अशा पंचवीस थाळ्या. राजस्थानच्या राज्यवर्धनसिंह राठोडांनी २००४ साली अथेन्सला रुपेरी पदक आणलं ते याच खेळातल्या डबल ट्रॅपमध्ये. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य घेतलं, पण ते रायफलमध्ये. रायफलचं लक्ष्य उभ्या जागी असतं आणि गोळी एकच. इथं लक्ष्य पळतं, आणि काडतुसातून शेकडो बारीक छर्रे एकदम सुटतात.

मी ही विद्या शिकलेला माणूस नाही. पण मित्रानं भरवसा टाकला म्हणून त्याच्याबरोबर नातीच्या प्रशिक्षकांकडं गेलो, रेंजवर उभा राहिलो, बघितलं, विचारलं. तिथं जे समजलं ते सांगतो, कारण त्यातून निघालेला प्रश्न एकट्या बंदुकीचा नाही.

पहिली गोष्ट कायद्याची. एकवीस वर्षांखालच्या माणसाला आपल्याकडं बंदुकीचा परवाना मिळत नाही. त्याहून लहान मुलांना जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, ठरलेल्या अटींवर सराव करता येतो, पण बंदूक त्यांची नसते. म्हणजे "नातीला बंदूक घ्यायची" हे वाक्यच मुळात खरं नव्हतं. घेणार आजोबा, परवाना आजोबाचा, जबाबदारी आजोबाची, आणि खांदा तेवढा नातीचा. हे ऐकून मित्र जरा गप्प झाला. मलाही ते बोलणं बराच वेळ पुरलं. किती तरी घरांत असंच असतं. ठरवणारा एक, मिरवणारा एक, आणि दणका सोसणारा तिसराच.

दुसरी गोष्ट मापाची. बारा बोर म्हणजे काय हे मला साठी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसतो ती बारा बोरची नळी. वीस गोळे केले तर गोळा लहान, म्हणून वीस बोरची नळी बारीक. आकडा वाढला की नळी बारीक होते. मंडईतल्या माणसाला हे लगेच पटलं. किलोत पाच बसणारा कांदा मोठा, किलोत पंधरा बसणारा लहान, तसंच.

आता कुणीही म्हणेल, मुलगी लहान आहे, तर बारीक नळीची हलकी बंदूक द्या. मीही तेच म्हणालो. प्रशिक्षक हसले. म्हणाले, काडतूस तेच ठेवून बंदूक जेवढी हलकी कराल तेवढा तिचा धक्का खांद्याला जास्त बसतो. बंदुकीचं वजनच धक्का गिळतं. वजनदार बंदूक आणि हलकं काडतूस हे खांद्याला बरं, पण वजन फार झालं तर पोरीला ती पेलवत नाही. म्हणून दोन्हीच्या मधली जागा शोधावी लागते, आणि ती प्रत्येक पोराची वेगळी. ऑलिंपिकच्या नियमात काडतुसातल्या छर्‍यांचं वजन २४ ग्रॅमच्या वर चालत नाही, शिकणाऱ्याला त्याहून हलकंही देतात. हे ऐकून मला वाटलं, दयेलाही माप लागतं. "लहान आहे, हलकं द्या" एवढ्यानं भागत नाही. त्या हलकेपणाचं पुढं काय होतं ते बघावं लागतं.

मग त्यांनी ती विकाऊ दुनळी नातीच्या हातात दिली. रिकामी, मोडून उघडलेली आणि मग मिटलेली. पोरगी खांद्याला लावून उभी राहिली आणि मला सगळं दिसलं. तिची कंबर पुढं आली, पाठ मागं झुकली. नळीचं वजन पुढं ओढत होतं आणि ती मागं रेलून त्याला तोलत होती. पाण्यानं भरलेला मोठा हंडा कमरेवर घेतलेली लहान पोर जशी एका बाजूला वाकडी होते, तसंच. दस्ता लांब होता, म्हणून तो खांद्याच्या खळीत न बसता दंडावर सरकत होता. चापापर्यंत बोट पोचावं म्हणून मान पुढं ताणली जात होती आणि गाल दस्त्यावरून उचलला जात होता.

गाल उचलला तर काय बिघडतं? या बंदुकीला पुढच्या टोकाला मण्याएवढी माशी असते, पण मागं रायफलीसारखी नेमाची खाच नसते. मागची खाच म्हणजे धरणाऱ्याचा स्वतःचा डोळा. गाल दस्त्यावर एकाच जागी टेकला तर डोळा एका जागी राहतो. गाल बोटभर उचलला की जणू खाचच हलली. मग नेम कितीही मन लावून धरला तरी छर्रे थाळीच्या वरून जातात.

आणखी एक निघालं. प्रत्येक माणसाचा एक डोळा धनी असतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या खांबावर बोट रोखायचं, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला बोट खांबावरच दिसतं तो धनी. उजव्या हाताच्या माणसाचा बहुधा उजवाच असतो, पण सगळ्यांचा नाही. या पोरीचा डावा निघाला. आणि त्या महागड्या बंदुकीचा दस्ता उजव्या खांद्यासाठी किंचित कललेला होता. म्हणजे ती बंदूक तिला आज तर बसत नव्हतीच, पाच वर्षांनी बसली असती याचीही खात्री नव्हती. "मोठी झाली की बसंल" हे आजोबाचं गणित पोरीची उंची धरून होतं. तिचा डोळा त्यात धरलाच नव्हता.

आता मी माझ्या ओळखीच्या गोष्टीवर येतो, म्हणजे खोंडावर.

खोंड औताला धरायचा असतो तेव्हा जाणता शेतकरी त्याला एकदम नांगराला जुंपत नाही. आधी शांत, जुन्या बैलाच्या जोडीला नुसतं रिकामं जू मानेवर ठेवून फिरवतात. मग हलका ओंडका ओढायला लावतात. मग कुळव. नांगर सगळ्यात शेवटी. कारण कोवळा खांदा एकदा सोलला, सुजला, की तो बैल जू दिसताच अंग चोरतो. जखम बरी होते, पण भ्या जात नाही. चाबूक मारा, पेंड घाला, तो तासात बसतो. लोक म्हणतात, बैलच बसका निघाला. बैल बसका निघालेला नसतो, घाईच्या धन्यानं तो बसका केलेला असतो. आपल्याकडं पोळ्याच्या, बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. हळद, लोणी लावून बैलाचे खांदे चोळायचे. वर्षभर ज्या जागेवर आपण ओझं ठेवलं त्या जागेला एक दिवस हात लावायचा. हा सण ज्यानं काढला त्याला ओझ्याचा हिशेब पक्का ठाऊक होता.

प्रशिक्षकांनी सांगितलेलं खोंडासारखंच होतं. मोठी बंदूक चुकीच्या जागी टेकली की दंडाला, गालाला दणका बसतो. दहा-वीस बारांनंतर पोर बार सुटायच्या आधीच डोळे मिटायला लागतं, खांदा मागं ओढायला लागतं. हे ते मुद्दाम करत नाही, अंगच करतं. आणि ही सवय एकदा लागली की निघता निघत नाही.

पण यातली सगळ्यात वाईट गोष्ट दणका नाही. दंडावरचा काळानिळा डाग आठ दिवसांत जातो. वाईट गोष्ट अशी की थाळी हुकली की पोर बंदुकीला दोष देत नाही. ते म्हणतं, मला जमत नाही. चौदा वर्षांच्या पोरीनं दुसरी बंदूक खांद्याला लावलेलीच नसते, मग ही मापात नाही हे तिला कळणार कशावरून? तिला एवढंच दिसतं की आजोबानं एवढे पैसे घातले, सगळे म्हणतात बंदूक भारी आहे, आणि आपण एकामागून एक थाळ्या सोडतोय. मग दोष कुणाचा? उरतं कोण? तीच उरते.

जत्रेत फुगे फोडायची बंदूक असते. तिची नळी जरा कलती असते असं सगळे म्हणतात. मोठा माणूस दोन फुगे हुकले की हसून म्हणतो, बंदूकच वाकडी आहे. लहान पोर तसं म्हणत नाही. ते ओशाळं होऊन बापाकडं बघतं. मोठ्या माणसाला दोष बाहेर ढकलायची सवय असते, पोर तो आत घेतं. चुकीच्या मापाची वस्तू पोराच्या हातात देण्यात अन्याय आहे तो इथं. माप चुकवतो देणारा आणि गुन्हेगार ठरतो घेणारा, तेही स्वतःच्याच मनात. तिथं त्याची बाजू मांडायला वकीलही नसतो.

मंडईत काटा मारणं हे पाप का? पाव किलोला पन्नास ग्रॅम कमी आले तर कुणी उपाशी मरत नाही. पण गिऱ्हाइकाकडं स्वतःचा काटा नसतो. त्याला विक्रेत्याच्या मापावर विश्वास ठेवावाच लागतो. म्हणून सरकार वजनांवर शिक्का मारतं. जिथं एका बाजूला माप असतं आणि दुसऱ्या बाजूला नुसता विश्वास, तिथं माप असणाऱ्याची जबाबदारी दुप्पट होते. घरात आपण थोर माणसं काटा धरून बसलेलो असतो. पोराकडं काटा नसतो, आणि आपल्या वजनांवर शिक्का मारायला कुणी येत नाही.

यावर मित्राचं म्हणणं होतं, आणि ते खोडून काढण्यासारखं नव्हतं. "तात्या, एवढं मापात घालून पोरं कधी दणकट व्हायची? आपण नाय का शिकलो? मी दहाव्या वर्षी डोक्यावर पाटी घेतली. कुणी माप घ्यायला आलं होतं का?"

खरं आहे. आमच्या पिढीनं मोठी अवजारं उचलली आणि त्यातले काही दणकट निघाले. पण जे दणकट निघाले तेच आज चहा पिताना ही गोष्ट सांगायला बसलेत. ज्यांची शाळा सुटली, मान धरली, ज्यांनी "मला जमत नाही" म्हणून कायमचं खाली ठेवलं, ते कुणाच्या गोष्टीत नाहीत. उरलेल्यांकडं बघून पद्धत चांगली होती म्हणणं म्हणजे भरल्या कणसाकडं बघून पाऊस चांगला झाला म्हणण्यासारखं आहे. वाळलेली ताटं मोजायची कुणी?

आणि जुनी माणसं सरसकट मोठंच ओझं देत होती हेही खरं नाही. पाणवठ्यावर जाणाऱ्या लहान पोरीच्या हातात आधी तांब्या यायचा, मग कळशी, मग घागर, आणि हंडा अंगात बळ आल्यावर. खुरपणीला आलेल्या पोरासाठी झिजून लहान झालेलं खुरपं बाजूला ठेवलेलं असायचं. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, आज्यांना ठाऊक होतं. सदरा वाढत्या अंगाचा घ्यायचा आणि खुरपं आजच्या हाताचं द्यायचं, हा फरक त्यांना न सांगता कळत होता. सदरा अंगावर असतो. खुरपं हातात असतं आणि त्याला धार असते.

ओझं खांद्याच्या मापाचं असावं ही मागणी लाडाची नाही, हे तर पुण्यानंच दाखवलंय. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं याच शहरात हमालांना एकत्र केलं. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणाऱ्या माणसांनी पोतं पन्नास किलोचं करा म्हणून वर्षानुवर्षं झगडा दिला. तेव्हाही म्हणणारे म्हणालेच असतील, की बापजाद्यांनी उचललं, तुम्हाला काय झालं? पण पाठ बापजाद्यांचीही मोडतच होती, फक्त तिची मोजणी नव्हती. पोत्याचं वजन माणसाच्या पाठीवरून ठरवायचं, माणसाची किंमत पोत्यावरून ठरवायची नाही, एवढं साधं म्हणणं होतं ते. मी मित्राला म्हणालो, "हमालाच्या पाठीला जे लागू, ते आपल्या नातीच्या खांद्याला नको का?" त्यावर तो काही बोलला नाही, पण चहाचा दुसरा कप मागवला.

पैशाचा प्रश्न तरी उरतोच. भाजीवाल्याच्या किंवा शेतकऱ्याच्या घरानं या खेळात पडावं का? हा खेळ बराच काळ राजेरजवाड्यांचा होता. बिकानेरचे महाराजा करणीसिंह पाच ऑलिंपिक खेळले, १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी ट्रॅपमध्ये रौप्य मिळवलं. दिल्लीच्या रेंजला त्यांचंच नाव आहे. त्यांना बंदुकीची किंमत विचारावी लागली नसेल. आपल्याला लागते.

इथं मला मंडईच्याच नावाची आठवण होते. ही इमारत १८८६ च्या सुमाराला उभी राहिली तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव होतं, रे मार्केट. जोतीराव फुले नगरपालिकेत होते तेव्हा त्यांनी या मंडईवरच्या खर्चाला विरोध केला होता. त्यांचं म्हणणं, तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर लावा. पुढं त्याच इमारतीला त्यांचं नाव लागलं. मंडई झाली ती चांगलीच झाली, माझ्यासारख्याची भाजी तिथं विकली गेली. पण फुल्यांचा प्रश्न अजून त्या दगडांत आहे असं मला वाटतं : खर्च कुणाच्या डोळ्यांसाठी आहे आणि कुणाच्या पदरात पडणार आहे? त्या परदेशी दुनळीला हाच प्रश्न विचारला तर उत्तर अवघड नव्हतं. ती आळीतल्या लोकांनी बघावी म्हणून होती. नातीला जे पाहिजे होतं ते कमी झगझगीत होतं. सराव, काडतुसं, प्रवासभाडं, कानावर घालायची टोपणं, डोळ्यांचा चष्मा, आणि शिकवणाऱ्या माणसाचा वेळ.

शेवटी प्रशिक्षकांनी जो मार्ग सांगितला तो मला फार आवडला. म्हणाले, सध्या काहीच विकत घेऊ नका. इथल्याच बंदुकांतली एक तिच्या मापाला आणू, डाव्या खांद्यानं शिकवू. हलकी काडतुसं, एका दिवशी थोडेच बार, थकली की थांबायचं. पुढं कधी स्वतःची घेतलीत तर दस्ता तिच्या मापाला कापून घ्या, पण कापलेला तुकडा टाकू नका. ती वाढली की तोच तुकडा परत जोडता येतो.

हे ऐकून मला आईनं शिवलेले परकर आठवले. परकराला खालून आत चार बोटं दुमड घालायची. पोरगी वाढली की टीप उसवायची, दुमड सोडायची. परकर आज पायात अडकत नाही आणि उद्या आखूड होत नाही. "वाढत्या अंगाचं घ्या" या म्हणण्यात खरं शहाणपण होतं ते हे. वाढ धरून चालायचं, पण वाढीचं ओझं आजच्या अंगावर टाकायचं नाही. उद्याचा तुकडा आपल्यापाशी जपून ठेवायचा आणि वेळ आली की जोडून द्यायचा. अर्थात त्यासाठी वेळ आली हे कळायला पाहिजे, म्हणजे सारखं बघत राहायला पाहिजे. मोठी वस्तू एकदाच घेऊन टाकण्यात आपल्याला सोय वाटते ती याचीच, की पुढं बघायला नको.

एक प्रश्न राहतो आणि तो टाळून हा लेख संपवणं बरं नाही. मुळात पोराच्या हातात बंदूक द्यावीच का? माझ्या बायकोनं हे पहिल्याच दिवशी विचारलं. म्हणाली, "मापाची विषाची बाटली कुणी देतं का?"

मी याचं उत्तर पुष्कळ शोधलं. या खेळाच्या थाळीला इंग्रजीत अजून मातीचं कबूतर म्हणतात. कारण आधी खरी कबुतरंच सोडायचे. १९०० साली पॅरिसच्या खेळांत जिवंत कबुतरांवर नेम धरला होता. थाळी त्याआधीच, १८८० च्या सुमाराला अमेरिकेत निघाली होती, आणि हळूहळू तिनं कबुतराची जागा घेतली. माणसानं नेम ठेवला आणि जीव घेणं सोडलं. हे छोटं काम नाही. रेंजवर मी आणखी एक पाहिलं. बार काढायची पाळी नसेल तेव्हा प्रत्येकाची बंदूक मोडून उघडी असते, नळी रिकामी आहे हे लांबूनही दिसावं म्हणून. "माझी रिकामी आहे" असं तोंडी सांगून भागत नाही, दाखवावं लागतं. माझ्या हातातल्या ताकदीचं दुसऱ्याला भय वाटू नये, याची सोय मीच करायची. ज्या पोराला ही गोष्ट चौदाव्या वर्षी अंगवळणी पडते ते पोर मोठेपणी गाडी, पैसा, खुर्ची, काहीही हातात आलं तरी जरा सांभाळून धरेल, असं मला वाटतं. बायकोला हे अर्धंच पटलं. तिचं अर्धं न पटणं मी खोटं ठरवत नाही. बंदूक घरात असलेल्या माणसाच्या मनात तेवढी शंका जिवंतच असावी.

आता कुणी मला विचारतं की पोराला पहिली बंदूक कुठली घ्यावी, किंवा पहिला ट्रॅक्टर, पहिला फोन, पहिली शाखा, तर मी वस्तूचं नाव सांगत नाही. मी सांगतो, आधी पोराला उभं करा आणि ते कसं उभं राहतंय ते बघा. मागं झुकत असेल तर वस्तू जड आहे. मान ताणत असेल तर लांब आहे. डोळे मिटत असेल तर आधीच कुठंतरी दणका बसलाय. आणि "मला जमत नाही" म्हणत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवायच्या आधी आपलं माप तपासा. दर सहा महिन्यांनी तपासा, कारण पोर वाढत असतं. एकवीस वर्षांची झाली की ती नात स्वतःच्या नावानं परवाना काढेल, स्वतःची बंदूक स्वतः निवडेल. तोवर नीट मापाची वस्तू कशी बसते हे तिच्या खांद्याला ठाऊक झालेलं असावं, म्हणजे न बसणारी वस्तू कुणी कितीही भारी म्हणून पुढं केली तरी ती खाली ठेवायला ती लाजणार नाही.